ठिकाण शोधू नका, वेळ शोधा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: इतकी वर्षं ज्या शहरात काढली, तिथे बाहेरगावचा मित्र आला, 'तुमच्याकडे खास काय मिळतं?' म्हणाला आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. मग तुम्ही इंटरनेटवरच्या याद्या काढल्या, पाच ठिकाणी रांगेत उभे राहिलात, आणि पाचही ठिकाणी 'ठीक आहे' यापलीकडे काही वाटलं नाही. आपल्याच शहरातलं चांगलं खाणं सापडतं तरी कसं, असं तुम्ही विचारताय.

मी गेली 16 वर्षं हे करतो आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही पत्तेच गोळा करायचो. वही भरली, पण खाण्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो पत्त्याच्या शेजारी वेळ लिहायला लागल्यावर.

आपल्या शहरात आपण ठरलेल्या रस्त्यांनी फिरतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्याहून जास्त ठरलेल्या असतात आपल्या वेळा. सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना जे उघडं दिसतं, तेवढंच आपलं शहर. मी एका ऑफिसात होतो तेव्हा त्याच्या मागच्या गल्लीत एक बाई दुपारी साडेतीन ते पाच एवढाच वेळ बसायच्या. घरून एकच पदार्थ करून आणायच्या, संपला की उठायच्या. मी सात वर्षं त्या गल्लीतून संध्याकाळी साडेसहाला जात होतो. मला तिथे फक्त बंद शटर आणि पाण्याने धुतलेली फरशी दिसायची. ऑफिसात साफसफाई करणाऱ्या एका मावशींनी मला त्यांच्याबद्दल सांगितलं. पुढे चारच महिने मला ते खायला मिळालं, मग त्या बाई मुलाकडे दुसऱ्या गावी गेल्या. ती चव मला पुन्हा कुठेही भेटलेली नाही आणि त्या सात वर्षांची हळहळ अजून जात नाही. मी वेळेवर इतका भर देतो तो तेव्हापासून.

कुठल्याही शहरात सगळ्यांना एकाच वेळी भूक लागत नाही. ज्यांची भूक तुमच्या वेळेला लागत नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी शिजवतच असतं. घाऊक भाजीबाजारात पहाटे तीनला ट्रक रिकामे होतात, म्हणजे पाच-साडेपाचला तिथल्या माणसांच्या पोटात आग पडलेली असते. कारखान्याची पाळी सुटते, रात्रपाळीच्या परिचारिका घरी निघतात, वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून होतात, शेवटची बस आगारात लागते. या प्रत्येक वेळेला, त्या जागेपासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर काहीतरी गरम मिळत असतं. शोधायचं ते हे. आपल्या शहरात अंगमेहनतीचं काम कुठे चालतं आणि ते कधी थांबतं, याची यादी करा. खाण्याच्या याद्यांपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

यातही पहाटेचा घाऊक बाजार मी सगळ्यात वर ठेवतो. तिथला गिऱ्हाईक रोज येतो, त्याच्याकडे वेळ कमी असतो आणि चव बिघडली तर तो दुसऱ्या दिवशी सरळ पलीकडच्या गाडीवर जातो. त्यामुळे विकणाऱ्याला एक दिवसही ढिलाई परवडत नाही. शिवाय माल शेजारीच उतरलेला असतो. पर्यटकांच्या चौकात याच्या उलट घडतं. तिथला गिऱ्हाईक बहुधा एकदाच येणार असतो, म्हणून तिथे पाटीवर खर्च होतो, कढईवर होत नाही. बाजारात गेलात की लगेच काही मागू नका. वाटेत अडथळा होणार नाही अशा जागी पंधरा मिनिटं उभे राहा. कामाचे कपडे घातलेली माणसं न विचारता, न निवडता जिथे हात पुढे करतात, तिथे तुम्हीही हात पुढे करा.

आता लोकांना विचारण्याबद्दल. 'इथे सगळ्यात चांगलं काय मिळतं?' हा प्रश्न मी कधीच सोडून दिला. त्याला माणूस सभ्य उत्तर देतो: तुम्हाला आवडेल असं त्याला वाटतं ते, जिथे तुम्हाला न्यायला त्याला संकोच वाटणार नाही ते. मी विचारतो, 'काल तुम्ही कामावरून सुटल्यावर काय खाल्लंत?' किंवा 'लांब राहायला गेलात तर कशासाठी परत याल?' या प्रश्नांवर माणूस क्षणभर थांबतो, आणि त्यानंतर येणारं उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. रिक्षावाले, पोस्टमन, दुकानांना माल पोचवणारे, विजेचं मीटर वाचणारे यांना विचारा. गल्लीबोळ त्यांच्या पायाखालचे असतात आणि रोज बाहेर खावं लागत असल्याने त्यांना पोटाला न बाधणारी ठिकाणं नेमकी ठाऊक असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'शाळेबाहेर काय मिळायचं?' एवढं विचारून बघा. माझ्या आत्याने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन अजून मिळतात, पुढच्या पिढीच्या हातच्या.

घरपोच मागवून चव कळत नाही, याचं कारण साधं आहे. तळलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थाचा वरचा थर कोरडा असतो म्हणून तो कुरकुरतो. डबा बंद केला की आतली वाफ त्याच थरात शिरते आणि काही मिनिटांत तो मऊ पडतो. भाजताना येणारा तो खमंग वास आणि तपकिरी रंग प्रथिनं आणि साखर यांच्या उष्णतेतल्या अभिक्रियेतून येतो. लुई कॅमिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली तिचं वर्णन केलं. त्या वासातले कण हवेत उडून जाणारे असतात, म्हणून तव्यावरून हातात आलेला घास आणि अर्ध्या तासाने घरी उघडलेला डबा यांची तुलनाच होत नाही. चवीचा मोठा भाग आपल्याला नाकाने कळतो, सर्दीत सगळं बेचव लागतं ते त्यामुळेच. म्हणून उभं राहून, तिथेच खा. माझा अनुभव असा की ज्यांचं खाणं उत्तम असतं त्यांतले बरेच जण बांधून द्यायला नाराज असतात. त्यांच्यावर रागावू नका.

याद्यांबद्दल थोडंच सांगतो. ऑनलाइन अभिप्राय लिहितो तो बहुतेक नवखा माणूस. रोज खाणारा कशाला लिहील? त्यामुळे तारे मोजू नका, अभिप्राय वाचा, आणि त्यातही तक्रारी वाचा. 'बसायला जागा नाही', 'दहाला गेलो तर संपलं होतं', 'एकच पदार्थ मिळतो' अशा तक्रारी दिसल्या की मी वहीत नोंद करतो. 'तब्येत बिघडली' अशी तक्रार दोनदा दिसली तर जात नाही.

तब्येतीचा विषय निघालाच आहे तर तो मी हलक्यात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला लक्षात ठेवायला सोपा आहे: शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मधल्या तापमानात फार वेळ राहता कामा नये, कारण जंतू तिथेच भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ नुसतं बाहेर ठेवू नये, आणि अन्न आतपर्यंत 70 अंशांना पोचलेलं असावं. गाडीवर थर्मामीटर नसतो, पण डोळे असतात. वाफ निघतेय का, भांडं किती वेळात रिकामं होतंय, पैसे घेणारा आणि वाढणारा हात एकच आहे का, भांडी धुवायला वाहतं पाणी आहे की एकच बादली, हे बघा. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की काळं आणि दाट होतं, त्यावर फेस धरतो आणि ते लवकर धुरायला लागतं. घशाला खवखवणारा धूर आला तर कितीही नाव असो, पुढे चला. मला गर्दी आवडते ती याच कारणाने: माल टिकून राहत नाही. रिकामी गाडी वाईटच असते असं मी म्हणणार नाही, पण तिथे 'ताजं काढाल का? थांबतो' असं विचारतो. जो आनंदाने 'थांबा' म्हणतो त्याच्याकडे हमखास चांगलं मिळतं.

एका ठिकाणी एकदाच जाऊन मत बनवू नका, ही माझी आग्रहाची विनंती. तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी. सुरुवातीच्या घाण्याला तेल नुकतं तापत असतं, मधले घाणे उत्तम उतरतात, शेवटी पीठ सैल पडतं. आंबवलेल्या पिठाचं तर ऋतूवर असतं: उकाड्यात ते लवकर आंबतं आणि जास्त आंबट होतं, थंडीत त्याला वेळ लागतो. त्याच हाताचा तोच पदार्थ दोन ऋतूंत वेगळा लागतो, आणि हा फरक ओळखता येऊ लागला की आपल्या शहराशी खरी ओळख झाल्यासारखं वाटतं. पाहुण्याला हे सुख मिळू शकत नाही, इथे राहणाऱ्यालाच मिळतं. प्रत्येक ठिकाणी थोडंच खा. पोट भरलं की पाचव्या घासाला जीभ ऐकत नाही. आम्ही दोघं-तिघं जातो आणि एकच बशी वाटून घेतो.

आपल्या शहरात बाहेरून येऊन वसलेल्या लोकांच्या वस्त्या बघायला विसरू नका. माणूस गाव सोडतो, भाषा हळूहळू सोडतो, पण जिभेची सवय सर्वांत शेवटी सुटते. त्यांचं किराणा दुकान शोधा, पीठ-मसाले घ्या, आणि 'हे करतात कसं?' म्हणून दुकानदाराला विचारा. घरून डबे देणाऱ्या बायकांचे पत्ते मला असेच मिळाले आहेत.

एक कळकळीची गोष्ट. चांगलं सापडलं की लगेच फोटो टाकून जगाला सांगू नका. आधी विकणाऱ्याला विचारा. दोन हातांनी दिवसाला जेवढं होतं तेवढंच होतं. अचानक तिप्पट गर्दी आली की रोजच्या गिऱ्हाइकाला उपाशी जावं लागतं आणि घाईत हात बिघडतो. काहींना गर्दी हवी असते, त्यांच्याबद्दल भरभरून लिहा. ज्यांना नको असते, त्यांच्याकडे मित्राला स्वतः घेऊन जा.

तुमचा मित्र पुन्हा येणार आहे म्हणालात. तोवर दोन महिने आहेत. दर आठवड्याला एक पहाट किंवा एक उशिराची रात्र काढा, आणि वहीत पदार्थ, वेळ आणि कोण खात होतं एवढं लिहा. त्यातून एकच ठिकाण निवडा, जिथे तुम्ही तीनदा गेला आहात आणि जिथला माणूस तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो. मित्राला आधी काही सांगू नका. पहाटे पाचला उठवा, चहासुद्धा घरी देऊ नका, आणि मधल्या घाण्याच्या वेळेला पोचाल अशा बेताने निघा.