खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला एका दिवसासाठी जातोय, सोबत ८ आणि १३ वर्षांची मुलं आणि आई-बाबा आहेत, कसं प्लॅन करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून येताय, मुलगी ८ ची, मुलगा १३ चा, आई-बाबा साठीच्या पुढचे, आणि वॉटर पार्क पण त्याच दिवशी उरकता येईल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो, नका करू. दोन्हीची तिकिटं वेगळी आणि दोन्हीला अख्खा दिवस लागतो, अर्धा-अर्धा केलात तर पैसे दोन्हीकडचे जाणार आणि पोरं विचारणार की ती मोठी राईड कुठे राहिली. शिवाय वॉटर पार्कला नायलॉनचे कपडे लागतात, ते बदला, केस वाळवा, लॉकर शोधा, यातच दीड तास जातो.

मी पनवेलला राहतो त्यामुळे सुट्टीत गावाकडून कोणीही आलं की त्यांना इमॅजिका दाखवायची ड्युटी आमच्याकडेच असते. आमच्या लहानपणी गोराईची बोट पकडून एस्सेलवर्ल्ड हीच काय ती चैन होती, इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं आणि पाहुण्यांचा मोर्चा इकडे वळला. तर एवढ्या वेळा जाऊन एक गोष्ट कळलीये, आत गेल्यावर राईडवर बसायचा वेळ म्हणाल तर मिनिटांत असतो, बाकी सगळा दिवस रांगेत आणि उन्हात जातो, त्यामुळे कुठली राईड किती वाजता हे जमलं की अर्धं काम झालं.

नाशिकहून पहाटे निघून त्याच दिवशी करायच्या भानगडीत पडू नका, चार-पाच तासांचा प्रवास करून अकराला गेटवर पोचाल तेव्हा सगळीकडे रांगा लागलेल्या असतील. आदल्या रात्री खोपोली, कर्जत नाहीतर लोणावळ्याला मुक्काम करा आणि गेट उघडायच्या आधी अर्धा तास तिथे असा. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, आणि मेंटेनन्ससाठी कुठली राईड बंद आहे का ते साइटवर बघा, नाहीतर फोन करून विचारा. मुलगा एकाच राईडसाठी येत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

वार कुठला? शनिवार-रविवार टाळा हे सगळेच सांगतात, पण डिसेंबर-जानेवारीत वीकडेलासुद्धा शाळांच्या सहली असतात, एकेका शाळेच्या चार-चार बसेस. त्या दिवसांत गेलात तर घाबरू नका, सहलीच्या मुलांना दुपारनंतर गोळा करून बसमध्ये बसवायला सुरुवात होते आणि मग पार्क एकदम रिकामं वाटायला लागतं. सगळ्यात निवांत म्हणजे परीक्षांच्या दिवसातला मंगळवार-बुधवार, पण तुमची मुलं शाळेत जातात म्हटल्यावर ते काही उपयोगाचं नाही. पावसाळ्यात गर्दी कमी असते खरी, पण खोपोली घाटाच्या पायथ्याला, तिथला पाऊस म्हणजे नुसता धो धो, जोरात आला किंवा विजा व्हायला लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात. रांगेतला वेळ वाचवणारा एक्सप्रेस पास दिवाळीत, नाताळात किंवा रविवारी परवडतो, साध्या वीकडेला त्याचे पैसे वाया.

आत शिरल्यावर लोक पहिली राईड दिसली की तिथेच थबकतात. तुम्ही तसं करू नका, मुलगा आणि त्याच्यासोबत जो कोणी बसणार असेल त्याने सरळ नायट्रो ही रोलर कोस्टर गाठायची. सुमारे १३० फूट उंच, ताशी १०० किलोमीटरच्या वर वेग, पाच वेळा उलटं करते आणि खाली फ्लोअर नाही, पाय लटकत असतात. स्टेशनात बसताना पायाखाली जमीन असते, सगळ्यांचे हार्नेस, म्हणजे खांद्यावरचे बार, तपासून झाले की ती खालून सरकून जाते, तेवढ्यात निम्म्या लोकांचा चेहरा बदलतो, बघण्यासारखा असतो. चपला-सँडल आधीच काढून ठेवायला लावतात. पहिल्या रांगेसाठी लोक वेगळे थांबतात कारण समोर मोकळं दिसतं, पण उतारावर पोटात गोळा यायचा असेल तर शेवटची रांग घ्या, पुढचे डबे उतरायला लागलेले असतात आणि मागचे अजून चढत असतात, त्यामुळे मागच्यांना वरून खेचलं जातं. डोकं मात्र मागे टेकवून ठेवायला सांगा, नाहीतर मान दुखते.

रांग बघून घाबरायचं नाही, हिशोब करायचा. एका फेरीत किती जण बसतात आणि एक फेरी व्हायला किती वेळ लागतो ते दोन फेऱ्या बघितल्या की कळतं. समजा १६ बसतात आणि पुढे ८० जण आहेत, म्हणजे पाच फेऱ्या, चार मिनिटं धरली तर वीस मिनिटांत नंबर. आणि उलट एखादी छोटी राईड असते, रांग दिसायला तीस जणांची, पण बसतात सहाच आणि पट्टे लावायलाच वेळ लागतो, तिथे अर्धा तास सहज जातो.

मुलीची उंची घरीच मोजा, बूट काढून, भिंतीला पाठ लावून. प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला माणूस एका बोटाचंही ऐकत नाही, ऐकूही नये, कारण पट्टा आणि खांद्यावरचा बार ठरावीक मापाच्या शरीरासाठीच बनवलेला असतो. पोर टाचा उंच करते, आई म्हणते अहो ती घाबरत नाही, पण घाबरण्याचा तिथे संबंधच नसतो. साइटवर प्रत्येक राईडची उंची बघून तिला आधीच सांगून ठेवा की या या राईड तुझ्या, म्हणजे तिथे रडारड नाही.

साडेअकरा-बारानंतर ऊन चढलं की सगळ्यांनी एसीत जायचं. अलीबाबावाल्या राईडमध्ये गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा असतो, तिथे तुमचे बाबा नातीपेक्षा जास्त रमतील अशी माझी खात्री आहे. आय फॉर इंडियात देशभरातल्या जागा आकाशातून बघितल्यासारख्या दिसतात, सीट वर उचलली जाते, तर आईंना उंचीची भीती असेल तर विचारून घ्या. बीपी, हृदयाचा किंवा कमरेचा त्रास असेल तर त्यांना कुठल्याही कोस्टरवर आग्रह करून बसवू नका. त्यांच्यासाठी सावलीतली एक जागा ठरवून टाका, चुकामूक झाली तर सगळ्यांनी तिथेच यायचं, आणि मुलीच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. सकाळी गेटवर तिचा एक फोटो काढून ठेवा, हरवली तर कपड्यांचा रंग सांगता येतो.

राजासॉरस, म्हणजे ती डायनासोरची बोटराईड, हिला भिजल्याशिवाय सुटका नाही. भिजून लगेच एसीत गेलात तर दात वाजतात, म्हणून एसीचे शो उरकून मग तीन-साडेतीनला ती करा. जीन्स नको, ओली झाली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि मांड्या घासतात. ओढणी, लांब मंगळसूत्र, मोठी कानातली त्या दिवशी घरीच राहू द्या, मोकळे केस बांधा, चष्म्याला मागून दोरी लावा.

खाण्याचं म्हणाल तर बाहेरचं आत नेऊ देत नाहीत आणि आतलं महाग आहे, त्यामुळे सकाळी पोहे-उपमा असं हलकं पण पोटभर खाऊन निघा. खोपोलीचा वडापाव बोलावत असतो, पण तेलकट खाऊन कोस्टरवर बसलं की काय होतं ते आमच्या एका भाच्याला विचारा. जेवणाला पावणेबारा किंवा थेट अडीच, मधल्या वेळात सगळं पब्लिक ताटाला चिकटलेलं असतं तेव्हा एसीतल्या राईड उरका. गोल फिरणाऱ्या आणि पडद्यासमोर हलणाऱ्या राईड लागोपाठ दोन करू नका. पडद्यावर डोळ्यांना वाटतं आपण उडतोय आणि कान सांगतो आपण जागेवरच आहोत, त्या भांडणात मळमळतं, तसं व्हायला लागलं की डोळे मिटून घ्यायचे. आलेपाकाच्या दोन वड्या खिशात असू द्या. उन्हाळ्यात इलेक्ट्रॉलची पुडी पण.

संध्याकाळी परेड सुरू झाली की सगळे तिकडे पळतात आणि कोस्टरच्या रांगा ओसरतात. मुलगी आणि आई-बाबांना परेडला बसवा, मुलाला दुसऱ्यांदा नायट्रोला पाठवा. रविवारी गेलात तर परत निघताना एक्स्प्रेसवेला मुंबईच्या बाजूला हमखास जाम लागतो, आणि गाडी चालवणारा पण दिवसभर उन्हात फिरलेला असतो, त्यामुळे दुसरा ड्रायव्हर नसेल तर ती रात्रही तिथेच काढा. ट्रेनने यायचा विचार असेल तर खोपोलीपर्यंत लोकल जाते, पण कर्जतच्या पुढे फेऱ्या मोजक्याच, टाइमटेबल बघूनच निघा आणि रिक्षाचे पैसे बसायच्या आधी ठरवा.