कोल्हापूरच्या बंद शाहू मिलच्या जागेत बाग करायची, तर सुरुवात कुठून?

पाण्यापासून. शेजारीच कोटितीर्थ तलाव आहे. मिलच्या आवारातलं पावसाचं पाणी गटारात न सोडता आधी जमिनीत मुरवा, बागेला तेच पुरवून वापरता येईल. आवारभर पेव्हिंग ब्लॉक घातले की सगळं फुकट! लॉनही नको, उन्हाळ्यात टँकर लागतो. करंज, जांभूळ, कडुनिंब लावा.

१९०६ साली शाहू महाराजांनी उभी केलेली ही मिल, तिची चिमणी पाडायचा विचारही नको. भिंतीत रुजलेला पिंपळ ओढून काढू नका, दगड निखळतो. दगडांमधले जुन्या चुन्याचे सांधे सिमेंटने भरू नका. ओल आत कोंडते आणि दगडाचे पोपडे सुटतात. चुनाच वापरा. आणि भोंग्यावर ज्यांचं घर चाललं, त्या कामगारांना आधी विचारा.