ऑफिसचं गिफ्ट कार्ड ऑनलाइन विकलं आणि बँक अकाउंटच फ्रीझ झालं, आता काय?

एका ताईंनी लिहिलंय. ऑफिसकडून त्यांना पाच-पाच हजारांची दोन गिफ्ट कार्डं मिळाली, त्या दुकानातून काही घ्यायचं नव्हतं म्हणून एका चॅट ग्रुपवर ती ९,००० ला विकली. पैसे यूपीआयने आले, यांनी कोड पाठवले, विषय संपला. काही दिवसांनी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत विचारलं तर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी अकाउंट फ्रीझ करायला लावलंय. पगार आत अडकलाय, घराचा ईएमआय तोंडावर आलाय. त्यात एकाचा फोन आला, "पंधरा हजार पाठवा, आजच अकाउंट चालू करून देतो." आणि एक ओळखीचे सांगतायत की "उसने दिलेले पैसे परत आले असं सांगून टाक, सुटशील."

ताई, सगळ्यात आधी हे शेवटचं. असं अजिबात सांगू नका. आत्ता तुमच्या हातात सगळ्यात भक्कम गोष्ट कुठली असेल तर ती म्हणजे तुमची गोष्ट खरी आहे आणि तिला कागद आहे. उसनवारीची थाप मारली की दोन प्रश्नांत उघडी पडते, कोणाला दिले होते, कधी दिले होते, आणि मग ज्याचा गुन्ह्याशी काही संबंध नाही असा माणूस स्वतःच्या हाताने संशयित होऊन बसतो. असं झालेलं बघवत नाही हो, म्हणून एवढं तळमळून लिहितोय.

आणि तो पंधरा हजारवाला फोन म्हणजे दुसरी फसवणूक. अकाउंट चालू करायला पोलीस यूपीआयवर पैसे मागत नाहीत. एक रुपयाही पाठवू नका, तो नंबर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, कळवा.

आता झालंय काय ते समजून घ्या. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटमध्ये ९,००० ज्या नावाने जमा झालेत ते नाव आणि चॅटवर तुमच्याशी बोलणाऱ्याचं नाव वेगळंय. सगळी गोम इथेच आहे. बहुतेक असं झालं असणार की ग्रुपवरच्या माणसाने तिसऱ्याच कोणाला तरी काहीतरी खोटं सांगून, नोकरीची फी म्हणा डिलिव्हरीचे पैसे म्हणा, तुमचा यूपीआय आयडी दिला. त्या बिचाऱ्याने पैसे तुम्हाला पाठवले, कोड मात्र भामट्याला मिळाले. त्याचं स्वतःचं अकाउंट कुठेच आलं नाही, आलं ते तुमचं. या लोकांना गिफ्ट कार्डचे कोड याचसाठी हवे असतात, कोड वापरला की वस्तू घेऊन मोकळं, मागे बँकेचा माग उरत नाही. ज्याचे पैसे गेले त्याने १९३० ला फोन केला किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पैसे कुठून कुठे गेले ते बँकांनी बघितलं आणि जिथे सापडले तिथे लीन लावलं, म्हणजे ती रक्कम काढता येऊ नये म्हणून अडवून ठेवली. पैसे एका अकाउंटमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले असतील तरी हेच होतं.

तुम्ही गुन्हा केलाय का? स्वतःला मिळालेलं कार्ड विकणं हा गुन्हा नाही. कार्ड दुसऱ्याला विकता येणार नाही अशी अट बऱ्याच कंपन्या घालतात, ती मोडली तर कंपनी कार्ड रद्द करू शकते, पण तो तुमच्या आणि कंपनीमधल्या कराराचा विषय झाला, त्यासाठी कोणी अटक करत नाही. पोलीस बघतात ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. फसवणूक करून मिळवलेली मालमत्ता पण आता "चोरीची मालमत्ता" मध्येच धरलीये, आणि ती चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसं वाटायला कारण असताना अप्रामाणिकपणे घेतली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. पण पैसे पाठवणाऱ्याचं नाव वेगळं दिसत असताना विचारलं का नाही, हा प्रश्न येणार हे धरूनच चाला, आणि लक्षात आलं नसेल तर सरळ लक्षात आलं नाही असंच सांगा. दहा हजारांचं कार्ड नऊ हजारांना जाणं नेहमीचं आहे, तो भाव तुमच्या बाजूने बोलतो. अर्ध्या किमतीत विकलं असतं, किंवा लोकांची कार्डं गोळा करून विकत असता, तर माझं उत्तर एवढं निवांत नसतं.

आता कामाला लागा. ब्रांचमध्ये जाऊन लेखी अर्ज द्या आणि लेखीच उत्तर मागा: तक्रारीचा नंबर काय, ठाणं कुठलं, वादातली रक्कम किती, कोणाच्या पत्रावरून फ्रीझ केलं. काउंटरवरचं "वरून आलंय मॅडम" हे उत्तर घेऊन परत येऊ नका, अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत ऑफिसचा कार्ड पाठवल्याचा मेल, ती पूर्ण चॅट, स्टेटमेंटचं ते पान आणि त्यावरचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर) जोडा. चॅटमधला नको वाटणारा भागसुद्धा उडवू नका, फोन बदलू नका, रीसेट मारू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. आणि मेलमध्ये एक मागणी नक्की लिहा, की हे कोड कुठल्या अकाउंटवरून वापरले गेले ती माहिती कार्ड देणाऱ्या कंपनीकडून मागवा. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास कसा करायचा याचा कायदा) कलम ९४ खाली पोलीस ती मागवू शकतात, तुम्हाला मागून मिळेलच असं नाही. खरा माणूस सापडला तर याच धाग्याने सापडेल.

त्याच मेलमध्ये दुसरी मागणी, लीन फक्त ९,००० पुरतं ठेवा, बाकीचं अकाउंट मोकळं करा. बँक अकाउंट ही पोलिसांना जप्त करता येणारी मालमत्ता आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय, त्यामुळे फ्रीझ करताच येत नाही असं भांडण घालू नका. पण वाद नऊ हजारांचा आणि अडकवला अख्खा पगार, हे अनेक हायकोर्टांनी चुकीचं ठरवलंय. शिवाय बीएनएसएसच्याच कलम १०६ खाली जप्ती केली की लगेच मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं, ते कळवलंय का हे पण विचारा. उत्तर आलं नाही तर त्या ठाण्याच्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटकडे कलम ५०३ खाली अर्ज, नाहीतर हायकोर्टात रिट याचिका. दुसऱ्या राज्यात वकील लावायचा खर्च नऊ हजारांच्या पुढे जातो हे मला दिसतंय, म्हणूनच मेलची पायरी नीट करा म्हणतोय.

ते ९,००० सोडून द्यायचे का? माझं मत, पैसे खरंच कोणा फसलेल्या माणसाचे निघाले तर कोर्टाच्या आदेशाने त्याला परत जायला माझी हरकत नाही, मात्र ही गुन्ह्याची कबुली नाही, असं स्पष्ट लिहून द्या. परस्पर कोणाच्या नंबरवर पाठवू नका, तो माणूस खरा तक्रारदार आहे की भामट्याचा जोडीदार हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. आणि तुमचीही कार्डं गेलीतच की, त्या ग्रुपवरच्या माणसाविरुद्ध पोर्टलवर स्वतःची तक्रार टाका, उशीर करू नका.

पुढचा पगार दुसऱ्या बँकेत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त विचारलं तर लपवू नका. ईएमआयवाल्या बँकेला फ्रीझचं पत्र जोडून आजच मेल करा, चेक बाउन्स झाल्यावर नाही. आणि पुन्हा कधी नको असलेलं कार्ड आलं तर घरातल्या कोणाला जे हवंय ते त्या कार्डाने घेऊन द्या आणि त्यांच्याकडून रोख घ्या.

पोलिसांची नोटीस आली तर वरचं कलम बघा. बीएनएसएसचं १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि बाईला त्यासाठी ठाण्यात जायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. ३५(३) असेल तर तुमच्यावर संशय आहे असा अर्थ होतो, ती बाजूला ठेवू नका, दिलेल्या तारखेला वकिलाला घेऊन हजर राहा. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला पोलीस सहसा अटक करू शकत नाहीत, करायचीच तर कारण लेखी नोंदवावं लागतं.