जॉर्जटाऊनहून नको, एडवर्ड्स फेरीहून निघा

तुम्ही सहा जण फेब्रुवारीअखेर वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनहून सायकलने सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) या जुन्या कालव्याच्या काठाने लॉकहाऊस २८ ला, म्हणजे कालव्याच्या दारांच्या राखणदाराच्या जुन्या घरात, मुक्कामी जाणार, त्यातल्या दोघांनी ३० किलोमीटरच्या वर कधी चालवलेली नाही, आणि तुम्ही विचारलंय टायर नि पिशव्यांबद्दल. टायरचं सांगतोच, पण आधी अंतर बदला.

जॉर्जटाऊनपासून ते घर ४८.९ मैलांवर, म्हणजे जवळपास ७९ किलोमीटर. रस्ता सपाट आहे म्हणून फसू नका. या दिवसांत रात्री गोठलेली माती दुपारी सैल होते आणि चाक रुततं. ग्रुपचा वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा असतो. अंधार पडता पडता, घामाने भिजून पोहोचलात की खरी परीक्षा तिथून पुढे. त्या घरात वीज नाही, नळ नाही. हालचाल थांबली की दहा मिनिटांत अंग गार पडतं. मला या सहलीत काळजी वाटते ती याच वेळेची, सायकल चालवण्याची नाही.

म्हणून गाड्यांवर सायकली लादून याच वाटेवर पुढे असलेल्या एडवर्ड्स फेरीला या. तिथून २९ किलोमीटर उरतात आणि पुढच्या वाटेवर अलीकडे बारीक खडी टाकलेली असल्यामुळे चिखलही कमी. सकाळी दहाला निघालात तर वाटेत मोनोकसीच्या जलसेतूवर निवांत जेवता येईल. १८३३ साली पूर्ण झालेला, सात कमानींचा, नदीवरून कालवा नेणारा हा दगडी पूल आहे. घाईत ओलांडून जाऊ नका. तरी तीनच्या आत घरी पोहोचाल.

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे आतले सगळे कपडे बदलणे, मोज्यांसकट. गप्पा, फोटो नंतर. सुती बनियन घालून कोणी येऊ नये, ओलं सूत वाळत नाही. मुक्कामाचे कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधा आणि वाटेत कितीही थंडी वाजली तरी ती पिशवी उघडू नका.

पाणी सोबत न्यावं लागेल. काठावरचे हातपंप हिवाळ्यात बंद असतात. स्वयंपाकासकट माणशी चार लिटर धरा. रात्री बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो आणि तोंड मोकळं राहतं. साध्या ब्युटेनचा गॅस शून्याच्या आसपास पेटत नाही, आयसोब्युटेन-प्रोपेनचा डबा घ्या. शेगडी मात्र बाहेरच पेटवायची, वारा असो, पाऊस असो. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. हा एक नियम सहाही जणांना निघण्याआधी सांगून ठेवा. मऊ खिचडी, वर मेतकूट नि तूप, सोबत घरून आणलेल्या गुळाच्या पोळ्या, एवढा बेत एका पातेल्यात भागतो. पिठलं-भाकरीचा हट्ट नको, अंधारात भांडी घासायला पाणी कुठून आणाल?

टायर ३८ ते ४० मिलिमीटरचे पुरे. मडगार्ड चाकाला चिकटून असतील तर काढून या, त्यांत चिखल भरून चाक अडतं. फोन आणि दिव्याच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

आणि एक गाडी आदल्या दिवशीच पॉइंट ऑफ रॉक्सला लावून ठेवा. घरापासून ते गाव जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. रविवारी सकाळी त्या दोघांपैकी कोणाचे गुडघे दुखत असतील, तर त्याला न विचारताच गाडीची किल्ली द्या.