जीनोम वाचता येत असताना डंख नसलेल्या मधमाश्यांची गुणसूत्रं अजून का बघतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डंख नसलेल्या मधमाश्यांच्या बऱ्याच जातींची गुणसूत्रसंख्या कधीच मोजून झाली आहे, आता सगळा डीएनए, म्हणजे जीनोम, थेट वाचता येतो, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसण्यात काय हशील?

मी कीटकांच्या गुणसूत्रांवरच काम करतो, आणि माझ्या मते संख्या हा या अभ्यासातला सगळ्यात कमी बोलका भाग आहे. मेलिपोना ही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली मोठी प्रजाती घ्या. तिच्यातल्या तपासलेल्या जवळजवळ सगळ्या जातींच्या नरात ९ आणि मादीत १८ गुणसूत्रं असतात (निषेचन न झालेल्या अंड्यातून नर होतो, म्हणून त्याच्याकडे एकच संच). मेलिपोना सेमिनिग्रा हा ठळक अपवाद, तिच्यात मादीची २२ भरतात. नुसते आकडे बघितले तर इथेच विषय संपतो. पण त्याच गुणसूत्रांच्या स्लाइडवर सी-बँडिंग करा, म्हणजे डीएनए घट्ट गुंडाळलेला भाग गडद दाखवणाऱ्या पद्धतीने ती रंगवा. मेलिपोना क्वाड्रिफॅसिआटामध्ये गडद रंगणारं हेटेरोक्रोमॅटिन (हाच तो घट्ट भाग) थोडंसंच दिसतं, तेही मुख्यतः गुणसूत्रबिंदूच्या, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या जागेच्या आसपास. मेलिपोना रूफिव्हेंट्रिसमध्ये मात्र जवळजवळ अख्खं गुणसूत्र गडद होतं आणि युक्रोमॅटिन (सैल, फिकट भाग) फक्त टोकांना उरतं. दोघींचा आकडा १८च, पण आतला मामला पूर्ण वेगळा.

हा फरक डीएनए वाचूनच का कळत नाही? कारण हेटेरोक्रोमॅटिन म्हणजे बहुतांशी त्याच त्या छोट्या तुकड्यांची हजारो वेळा झालेली पुनरावृत्ती. डीएनएचे लहान तुकडे वाचून जुळवताना असा भाग नेमका कुठे बसवायचा ते ठरत नाही आणि तो जुळणीतून गळतो. लांब तुकडे वाचणाऱ्या तंत्रांनी परिस्थिती बरीच सुधारली आहे, पण जोडलेला जीनोम प्रत्यक्ष गुणसूत्रांशी ताडून बघायला स्लाइड लागतेच. शिवाय जीनोम सहसा एका माशीचा किंवा एका वसाहतीचा वाचतात. पार्टामोना हेलेरी या डंख नसलेल्या दुसऱ्या जातीत मादीची नेहमीची ३४ गुणसूत्रं असतातच, पण काहींमध्ये त्यावर एक, दोन, अगदी चार बी-गुणसूत्रंही (नेहमीच्या संचाबाहेरची जादा गुणसूत्रं) सापडतात, तर काहींमध्ये एकही नसतं. एका नमुन्यावरून हे कळायचं कसं?

स्लाइड करायची पद्धत ऐकायला सोपी आहे. कोषात जायच्या बेतात असलेली, पोट रिकामं केलेली अळी घ्यायची आणि तिचा मेंदू अलगद काढायचा, कारण त्यात पेशी विभाजन जोरात चालू असतं. तो कॉल्चिसीन घातलेल्या सोडियम सायट्रेटच्या पातळ द्रावणात ठेवला की पेशी फुगतात आणि विभाजन मधल्या अवस्थेत अडकून पडतं. मग अॅसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणांनी पेशी काचेवर पसरवायच्या, वाळवायच्या आणि गीम्साने रंगवायच्या. खरी कसोटी पसरवण्यात लागते. गुणसूत्रं एकमेकांवर चढली तर त्या पेशीचा उपयोग नाही. सुरुवात नरापासून केलेली बरी, निम्मीच गुणसूत्रं असल्याने चित्र मोकळं दिसतं.

आता संख्येकडे. ब्राझीलचे वॉरविक केर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस या माश्यांची गुणसूत्रं मोजायला सुरुवात केली. पुढे असा तर्क मांडला गेला की (इथून पुढचे आकडे नराच्या एका संचाचे) ९ची दुप्पट होऊन १८ झाली आणि त्यातून पार्टामोनासारख्यांची १७. तर्क देखणा होता, पण १७वाल्या जातींत डीएनए काही दुप्पट भरत नाही. नंतर जपानचे हिरोतामी इमाई यांनी मुंग्यांवरच्या कामातून मांडलेला सिद्धांत इथे लावला गेला, त्यानुसार गुणसूत्रं तुटत जाऊन संख्या वाढते. अलीकडे डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षावर आकडे मांडले तेव्हा उलटंच चित्र निघालं: मूळ संख्या १८च्या आसपास, आणि मेलिपोनाची ९ ही गुणसूत्रं जोडली जाऊन कमी झालेली. मला हेच जास्त पटतं. आणि हा निकाल लागला तो दोन्ही हाताशी असल्यामुळे, वंशवृक्ष डीएनएचा आणि आकडे स्लाइडवरचे.

वसाहती पाळणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे द्विगुणित नर, म्हणजे एकाऐवजी दोन संच असलेले नर. या माश्यांचं लिंग एका जनुकस्थानावर ठरतं. तिथल्या दोन प्रती वेगळ्या असतील तर मादी होते, त्या सारख्याच निघाल्या तर निषेचित अंड्यातूनही नर होतो. राणीचा जोडीदार तिच्यातलीच एक प्रत घेऊन आला, तर तिची निम्मी निषेचित अंडी अशी वाया जातात. डंखवाल्या मधमाश्यांत राणी अनेक नरांशी मीलन करते, त्यामुळे तोटा विभागला जातो, आणि कामकरी माश्या असल्या अळ्या लहानपणीच खाऊन टाकतात. इथे राणीचं मीलन बहुधा एकाच नराशी होतं. अंडं घालताच अन्नासकट कोठडी बंद होत असल्याने अळी तपासली जात नाही आणि नर पूर्ण वाढून बाहेर येतो. मग, मेलिपोनात दिसून आलं आहे तसं, कामकरी माश्या राणीलाच मारतात. वसाहती थोड्या आणि एकमेकींच्या नात्यातल्या असल्या की हे वारंवार घडतं.

तुमच्याकडे एखाद्या वसाहतीत एकाएकी नर फार दिसू लागले, तर काही नर-कोष गुणसूत्रं बघणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. मेलिपोनाच्या नरात ९ऐवजी १८ भरली, तर नवी वसाहत त्याच जातीची, त्याच भागातली, पण नात्यात नसलेली आणा.