सेक्शन 16 मधला पहिला मालक

प्रश्न : अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका ग्रामीण काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) सुरुवातीचा इतिहास जुळवतो आहे. एका जुन्या खतात जमिनीचे वर्णन असे आहे : ‘वायव्य पाव, नैर्ऋत्य पावाचा, सेक्शन 16, टाउनशिप 80 उत्तर, रेंज 20 पश्चिम.’ ही जागा नकाशावर कशी शोधायची? केंद्र सरकारच्या सनदांत (सरकारी जमीन पहिल्यांदा दुसऱ्याच्या मालकीची करणाऱ्या दस्तांत) पहिल्या मालकाचे नाव का मिळत नाही?

उत्तर : वर्णन शेवटाकडून वाचा. पाचव्या मुख्य रेखावृत्ताच्या, म्हणजे मोजणीसाठी धरलेल्या उत्तर-दक्षिण रेषेच्या, पश्चिमेचा विसावा पट्टा (रेंज) आणि आर्कान्सा राज्यातून जाणाऱ्या पूर्व-पश्चिम आधाररेषेच्या उत्तरेची ऐंशीवी रांग जिथे छेदतात, तो 6 मैल बाजूचा चौरस म्हणजे तुमची टाउनशिप. तिच्यात 36 सेक्शन, प्रत्येकी 640 एकरांचे. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगराच्या तासांसारखे एक ओळ पश्चिमेकडे, पुढची पूर्वेकडे असे खाली येतात. म्हणून 16 वरून तिसऱ्या ओळीत, पश्चिमेकडून तिसरा. त्याचा नैर्ऋत्य पाव 160 एकर. त्यातला वायव्य पाव 40.

सनद न मिळण्याचे कारण या 16 आकड्यातच आहे. 1785 च्या जमीन अध्यादेशाने प्रत्येक टाउनशिपमधला हा सेक्शन शाळांसाठी राखला. पुढे तो राज्याकडे आला आणि त्याच्या विक्रीचा पैसा शाळा निधीत गेला. तेव्हा पहिला खरेदीदार राज्याच्या शालेय जमीन विक्रीच्या वह्यांत आणि काउंटीच्या खतनोंदींत शोधा. इतर बहुतेक सेक्शनांसाठी केंद्राच्या सनदाच पाहाव्यात. तिथला किमान सरकारी दर तेव्हा एकरी सव्वा डॉलर होता, म्हणजे 40 एकरांना 50 डॉलर.

क्षेत्रफळाबाबत सावध राहा. मोजणीची साखळी 66 फुटांची, 80 साखळ्यांचा मैल. कड्या झिजून साखळी इंचभर वाढली, की कागदावरचा मैल जमिनीवर 6 फूट 8 इंच जास्त भरतो. शिवाय रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत जातात. 42 अंश अक्षांशावर टाउनशिपची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे 43 फुटांनी आखूड पडते. ही तूट किंवा वाढ उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकलायचा नियम होता. सेक्शन 6 दोन्ही कडांवर असल्याने तिथले ‘चाळीस’ क्वचितच चाळीस भरतात. 16 आतला असल्याने तुमच्या तुकड्याला या नियमाची झळ नाही.

आणि मूळ मोजणीच्या क्षेत्रवह्या, म्हणजे मोजणीदारांनी जागेवर लिहिलेल्या नोंदी, जरूर मिळवा. काउंटीच्या इतिहासाला याहून चांगली सुरुवात नाही. ओढे, गवताळ माळ, रान कुठे लागले ते साखळ्यांच्या अंतराने त्यांत लिहिलेले असते. रानात सेक्शनच्या कोपऱ्याजवळच्या झाडांची जात, व्यास, दिशा, अंतर नोंदवत. माळावर झाडे नसत, म्हणून मातीचा ढिगारा करून खुंटी ठोकत. नांगराने असे ढिगारे सहज मोडले, त्यामुळे माळावरच्या कोपऱ्यांसाठी काउंटी भूमापकाच्या नंतरच्या फेरमोजणीच्या नोंदीही ताडून पाहा.