चिपमधलं डोपिंग वेगळं, तिचं वेगळं

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुपरकंडक्टरमधल्या डोपिंगवर पीएच.डी. करते म्हणते. डोपिंगच करायचं तर चिप कंपनीत नोकरी का नको? तिला विषय बदलायला लावा, असं मी तिच्या सरांना तिच्या नकळत फोन करून सांगितलं. तिची समजूत कशी घालू? – एक पालक

उत्तर : त्या फोनने मला धास्ती वाटली. तुमच्या पूर्ण पत्रात तिचे गुण आहेत, नातेवाइकांची मतं आहेत. तिला हा विषय का हवा, हे मात्र कुठेच नाही. तुम्ही विचारलंच नसावं. फोनचं तिला आजच सांगा. सरांकडून कळलं तर ती यापुढे तुम्हाला काहीच सांगणार नाही.

आता तुमचा गैरसमज. डोपिंग म्हणजे पदार्थात मुद्दाम परके अणू मिसळणं. चिपच्या सिलिकॉनमध्ये लाखात, कोटीत एखादा परका अणू घालतात. बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांचे पट्टे, जवळपास तसेच राहतात, वीज वाहून नेणारे वाहक तेवढे वाढतात. तिच्या विषयातल्या सुपरकंडक्टरचं तसं नाही. लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइडचं उदाहरण घ्या. नेहमीच्या बँडच्या हिशेबाने तो धातू असायला हवा, पण तांब्याच्या एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांच्यात इतकं प्रतिकर्षण होतं की सगळे जागच्या जागी अडकतात आणि पदार्थ विद्युतरोधक बनतो. थोड्या लॅन्थॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, तयार होतात, तेही मुख्यतः ऑक्सिजनवर. मग बँडच बदलतात : वरच्या बँडचा काही वाटा कमी ऊर्जेच्या पातळ्यांवर उतरतो. तांब्याच्या दर शंभर अणूंमागे पंधराएक होल झाले, की हाच पदार्थ सुमारे ३८ केल्व्हिनखाली (उणे २३५ अंश सेल्सिअस) विनारोध वीज वाहतो, म्हणजे सुपरकंडक्टर होतो. अशा सुपरकंडक्टरचा शोध १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांनी लावला, १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे असं का होतं, यावर अजून एकमत नाही. तुमच्या मुलीला ओढ असावी ती या प्रश्नाची. चिप कंपनीतली नोकरी हा त्याला पर्याय नाही.

नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट या पीएच.डी.साठीच्या परीक्षांचे मार्ग तिला माहीत असतीलच. जेआरएफ या शिष्यवृत्तीत महिना ३७ हजार रुपये मिळतात, म्हणजे भार तुमच्यावर नाही. पातळ थर, निर्वात यंत्रणा, स्पेक्ट्रोस्कोपी हे हातात बसलं तर चिप उद्योगाचं दारही उघडं राहतं.

समजूत घालू नका, प्रश्न विचारा. प्रयोग करणार की सिद्धांत? स्फटिक कोण वाढवणार? फोटोएमिशनसाठी (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजण्यासाठी) इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोतावर वेळ मिळेल का? पीएच.डी.च्या मार्गदर्शकांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले, आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक नसेल, तर प्रवेश घेण्याआधी तिने त्या विद्यार्थ्यांशीच बोलावं.